१९६७ ची एमजीबी : घाटात झकास, सपाटीला मिसिंग. करंट तुटतोय कुठं?

रंकाळा_६७

गाडी एमजीबी रोडस्टर, मार्क वन. इंजिन १८जीबी, १७९८ सीसी, दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर. डिस्ट्रिब्युटर (आपला डेल्को) ल्युकस २५डी४, अजून पॉइंट-कंडेन्सरवरच (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी कॉइलचा करंट तोडणारा आतला स्विच). पॉझिटिव्ह अर्थ आहे (बॅटरीचं अधिक टोक बॉडीला), डायनेमो मूळचा. सीटमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आधीच्या मालकानं काढून बारा व्होल्टची एकच बसवलेली आहे.

दुखणं असं. सेल्फला लगेच उठते, आयडलिंग गुळगुळीत. वाघबिळाचा चढ तिसऱ्या गिअरला पाय दाबून चढवला तरी एक झटका नाही. पण कागलच्या बाजूला हायवेला टॉपला टाकून ६०-७० वर पाय स्थिर धरला की मिसिंग सुरू. कधी एकच झटका, कधी चार-पाच लागोपाठ आणि सायलेन्सरमधनं फटाका. पाय पूर्ण दाबला की थांबतं, पूर्ण सोडला तरी थांबतं. अर्धा तास चालली की जास्त होतं.

कॉइल नवीन, प्लग नवीन, कंडेन्सर दोनदा बदलला. फरक शून्य. आता कुठं हात घालायचा?

दुसरं किरकोळ : रात्री सिग्नलला उभं राहिलं की हेडलाइट पिवळे पडतात आणि चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. ह्याचा त्याच्याशी संबंध आहे का?

हायवे_एक्स्प्रेस

भावा, पॉइंट काढून टाक आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घाल. सोबत जास्त ताकदीची कॉइल. ह्या जुन्या भानगडीत कशाला वेळ घालवतोस.

डेल्को_काका

एक्स्प्रेस, मॉड्यूल कधीतरी घालायला हरकत नाही, पण ते मॉड्यूल ज्या वायरीनं जोडायचं ती वायरच तुटकी असेल तर मॉड्यूलही मिसिंगच मारणार. शिवाय गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे. बाजारात मिळणारी बहुतेक मॉड्यूलं निगेटिव्ह अर्थची असतात. उलटी जोडली की चावी फिरवल्याक्षणी जळाली.

रंकाळा, तुमच्या लिहिण्यातच अर्धं उत्तर आहे. कॉइल कमजोर, रोटर फुटका, कॅपला चीर, प्लगचा गॅप जास्त, ह्यातलं काहीही असतं तर गाडी पहिली घाटात रडली असती. पाय पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये हवा ठासून भरते, दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं. हाय टेन्शन बाजूचा, म्हणजे कॉइलपासून प्लगपर्यंतचा, कुठलाही दोष तिथंच उघडा पडतो. तुमची गाडी नेमकी तिथंच ठणठणीत आहे.

मग सपाटीला असं काय होतं जे घाटात होत नाही? व्हॅक्यूम ॲडव्हान्स. ह्या इंजिनाला व्हॅक्यूमची बारीक नळी मागच्या कार्ब्युरेटरवरून येते, थ्रॉटलच्या पाकळीच्या काठाजवळून. आयडलिंगला पाकळी बंद, नळीत ओढ नाही. पूर्ण उघडली की ओढ जवळजवळ नाहीशी होते. थोडीशी उघडी ठेवून निवांत चाललात की ओढ सगळ्यात जास्त. त्या ओढीनं डेल्कोमधली पॉइंटची प्लेट फिरते. म्हणजे तुमची गाडी प्लेट फिरलेली असते तेवढ्याच वेळी तुटते. पाय सोडल्यावर थांबणं, दाबल्यावर थांबणं, दोन्ही ह्यात बसतं.

त्या प्लेटवर दोन लवचिक वायरी असतात. एक बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटच्या स्प्रिंगपर्यंत, दुसरी प्लेटपासून डेल्कोच्या बॉडीला अर्थसाठी. दिवसभरात ही प्लेट किती वेळा पुढंमागं होते ते धरा आणि त्याला पन्नासावर वर्षांनी गुणा. ह्यातली एक आतून तुटलेली असणार.

गगनबावडा_ग्रीन

काका, नमस्कार. तुमचं पटतंय, पण अर्ध्या थ्रॉटलला झटके आणि फटाका हे लीन मिक्श्चरचंसुद्धा (हवा जास्त, पेट्रोल कमी) लक्षण आहे. एसयूच्या डॅशपॉटमध्ये तेल नसेल, सुई खाली सरकून बसली असेल, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधनं हवा शिरत असेल तरी अशीच चालते. आधी कार्ब्युरेटर बघितलेला बरा.

शिरोली_मीटर

ग्रीन, दोन्ही एकमेकांचे सोंग घेतात हे खरं. कार्ब्युरेटर म्हणून खोललेल्या निम्म्या गाड्यांत दोष करंटचा निघतो. त्यामुळं काही खोलायच्या आधी टॅकोकडं, म्हणजे आरपीएमच्या काट्याकडं बघायचं, ते फुकट आहे.

ह्या साली टॅको करंट ओळखणारा असतो. इग्निशन स्विचपासून कॉइलला जाणाऱ्या पांढऱ्या वायरीचा वेढा टॅकोच्या पाठीमागून गेलेला असतो आणि त्या वायरीतले झटके मोजून काटा हलतो. म्हणून :

झटक्याच्या क्षणी गाडी गिअरमध्ये पळत असतानाच काटा टुणकन खाली पडला किंवा थरथरला, तर प्राथमिक बाजू तुटतेय. म्हणजे स्विच, पांढरी वायर, कॉइलचं प्राथमिक वेटोळं, पॉइंट, कंडेन्सर किंवा अर्थ.

काटा स्थिर, गाडी मात्र झटके खाते, तर प्राथमिक बाजू शाबूत. मग हाय टेन्शन नाहीतर पेट्रोल. लीन मिक्श्चरनं काटा कधीच उडत नाही.

रंकाळा, एक फेरी मारून एवढंच सांगा. शेजारी कुणाला तरी बसवा, चालवताना काट्याकडं बघत बसू नका.

दुसरी फेरी व्हॅक्यूमची नळी डेल्कोकडनं काढून, कार्ब्युरेटरच्या बाजूचं तोंड बुजवून मारायची. बूच म्हणून स्क्रू चालतो. गाडी थोडी जड वाटेल, पेट्रोल थोडं जास्त पिईल, एका फेरीनं बिघडत काही नाही. मिसिंग गेलं तर काकांचं म्हणणं सिद्ध.

रंकाळा_६७

दोन्ही फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत प्रत्येक झटक्याला काटा अडीच हजारावरून थेट खाली, परत वर. दुसऱ्या फेरीत नळी काढून गोकुळ शिरगाव ते कागल आणि परत, एकही झटका नाही.

गगनबावडा_ग्रीन

मग माझा कार्ब्युरेटर निर्दोष सुटला. डॅशपॉटमध्ये, पिस्टनच्या पोकळ दांडीत, तेल मात्र बघा हं. इंजिनचंच २०डब्ल्यू५० चालतं.

शिरोली_मीटर

झकास. आता नवीन काही विकत न घेता मीटरनं जागा पकडायची. गाडी पॉझिटिव्ह अर्थ असल्यानं मीटरची लाल पिन बॉडीला, काळी पिन जिथं मोजायचं तिथं. नाहीतर सगळे आकडे उणे दिसतात. चूक काही नाही, फक्त डोकं फिरतं.

आधी कॉइलची जोडणी नीट आहे का बघा. पॉझिटिव्ह अर्थला कॉइलचं अधिक टोक डेल्कोकडं आणि उणे टोक पांढऱ्या वायरीला. जुन्या कॉइलवर अधिक-उणेऐवजी सीबी आणि एसडब्ल्यू असे शिक्के असतात, त्यात सीबी डेल्कोकडं. उलटी जोडली तरी गाडी चालते, पण ठिणगी उलट्या दिशेनं पडते आणि प्लगला व्होल्टेज जास्त लागतं. नवी कॉइल बसवताना ही चूक हमखास होते.

कॉइल थंड असताना दोन्ही वायरी काढून प्राथमिक रोध मोजा. ह्या गाडीला बॅलास्ट (कॉइलच्या आधी जोडलेला वेगळा रोध) नाही, त्यामुळं ३ ते ३.५ ओहम हवा. दीड ओहम आला तर दुकानदारानं बॅलास्टवाली कॉइल दिली आहे. ती पॉइंट जाळणार आणि स्वतःही तापून मरणार.

आता मुख्य परीक्षा. कॅप आणि रोटर काढा. इंजिन हातानं फिरवून पॉइंट बंद असतील अशा जागी आणा, आणि बंद भागाच्या साधारण मधोमध ठेवा. हे विसरू नका, नाहीतर प्लेट फिरवल्यावर पॉइंटच उघडतील आणि तुम्ही वायरीला दोष द्याल. चावी चालू करा, इंजिन बंद. कॉइलमधनं साधारण पावणेचार अँपिअर वाहतात, म्हणजे पंचेचाळीस वॉटची इस्त्रीच. एका वेळी दोन मिनिटांच्या वर चावी चालू ठेवायची नाही.

लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडाला, काळी पिन कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला. पॉइंट बंद असताना इथं ०.२ व्होल्टच्या आत हवं. आता व्हॅक्यूमच्या नळीचं तोंड पुसून तोंडानं ओढा, जीभ लावून धरा आणि आकडा बघत राहा. ओढीला प्लेट फिरताना दिसते. आकडा हलता कामा नये.

हलला, तर कुठं हलला ते तीन ठिकाणी मोजून कळतं. बाहेरचं टर्मिनल ते पॉइंटचा स्प्रिंग, हा आतल्या वायरीचा. हलती प्लेट ते डेल्कोची बॉडी, हा अर्थवायरीचा. डेल्कोची बॉडी ते इंजिन, हा खालच्या क्लॅम्पच्या गंजाचा. दोन्ही पिना थेट त्या दोन टोकांना लावायच्या. जिथं आकडा येईल तिथं दोष.

रंकाळा_६७

आकडे घ्या.

बॅटरी ओझ्याविना १२.६. कॉइल ३.२ ओहम, जोडणी बरोबर. पॉइंट बंद, ओढ नाही : ०.१२ व्होल्ट. नळी ओढली : ०.९ पर्यंत चढलं, थोडं धरून ठेवल्यावर एकदम १२.४.

तीन जागांपैकी टर्मिनल ते स्प्रिंग हीच हलते. अर्थवायर ०.०२ वर ठाम. डेल्को ते इंजिन ०.०३.

आणखी एक दिसलं : बॅटरीचं उणे टोक ते कॉइलचं पांढऱ्या वायरीचं टोक, पॉइंट बंद असताना ०.७ येतंय. हे चालतं का?

डेल्को_काका

सापडलं. १२.४ म्हणजे सर्किट पूर्ण उघडं. गरम झाल्यावर वाढायचं ते ह्यामुळंच : वायरीचं आवरण तापून मऊ पडतं आणि आतली तुटकी टोकं एकमेकांना धरून ठेवत नाहीत.

ती वायर बाहेर काढून बोटात धरा आणि हलकेच ताणा. आवरण अखंड दिसेल, पण एका जागी रबरासारखी लांबेल आणि तिथंच सुतळीसारखी दुमडेल. आत तांबं नाही, नुसतं आवरण आहे.

आता ही बदलताना गंमत होते. वायरमन हाताशी असलेली गाडीची साधी वायर घालतो. तिच्यात तारा जाड आणि मोजक्या. आज चकाचक चालते, पण रोजच्या हलण्यानं लवकरच तिथंच मोडते. इथं केसासारख्या बारीक पुष्कळ तारांची, मऊ आवरणाची वायर लागते. तयार मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर चांगल्या मल्टिमीटरच्या पिनांची सिलिकॉनची वायर घ्या. ती मुळात वाकण्यासाठीच केलेली असते आणि उष्णताही सोसते.

टोकाला थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची पट्टी) दाबून बसवा. सोल्डर लावायचाच असेल तर थिंबलच्या अगदी टोकाला टिपूसभर. जास्त लावला की तो तारांतून आत चढतो, वायर तिथं काडीसारखी ताठ होते आणि ताठपणा संपतो त्या रेषेवर मोडते. लांबी मूळ वायरीएवढीच. फार आखूड केली तर प्लेट ओढताना ताण, फार लांब केली तर कॅमवर किंवा रोटरखाली घासते. बसवल्यावर कॅप लावायच्या आधी प्लेट हातानं दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा, कुठं अडत नाही ना.

वारणाकाठ

काका, पॉइंटच्या त्या खांबावर काय क्रमानं बसवायचं तेही सांगा की. निम्म्या लोकांचं तिथंच चुकतं.

डेल्को_काका

बरोबर बोललास. खांबावर आधी खालचा फायबर वॉशर, त्यावर पॉइंटच्या स्प्रिंगचं भोक, मग प्लास्टिकचा बुश. त्या बुशच्या अंगावर कंडेन्सरची पट्टी आणि आतल्या वायरीची पट्टी, आणि वर नट. तिन्ही धातू, म्हणजे स्प्रिंग, कंडेन्सर आणि वायर, एकमेकांना चिकटलेले हवेत. खांबाला किंवा प्लेटला त्यातलं काहीही लागता कामा नये. बुश उलटा बसला किंवा पट्टी तिरकी होऊन खांबाला टेकली तर करंट कायमचा अर्थ होतो. गाडी सुरूच होत नाही आणि माणूस पुन्हा कॉइल आणायला जातो.

पक्कं करायला : पॉइंटमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ते उघडे ठेवा, चावी चालू करा, कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला मोजा. बॅटरीएवढं व्होल्टेज यायला हवं. शून्य आलं तर काहीतरी टेकलंय, नाहीतर कंडेन्सर आतून शॉर्ट आहे. कंडेन्सरची वायर सुटी करून पुन्हा मोजलं की कोण ते कळतं.

हायवे_एक्स्प्रेस

मान्य, कॉइल वाचली असती. पण कंडेन्सर दोनदा बदलला म्हणतोय तो. हल्लीचे कंडेन्सर इतके बेकार का निघतात?

शिरोली_मीटर

दुकानातल्या डब्यात वर्षानुवर्षं पडलेला माल, आणि काही नव्या मालात आत गुंडाळलेल्या पट्टीची जोडणीच कच्ची. थंड असताना मीटरला पास होतो, गरम झाला की उघडा पडतो. त्यामुळं नवा म्हणजे चांगला असं धरायचं नाही. जुना चालत असेल तर तो डिकीत ठेवायचा, फेकायचा नाही.

कंडेन्सर गेला की ओळखायची खूण पॉइंटवर असते. कॅप काढून अंधारात सेल्फ मारला तर पॉइंटमध्ये मोठा जाळ दिसतो. बारीक ठिणगी चालते. पॉइंटचे तोंड काळेनिळे पडतात आणि एका बाजूला टेकडी, दुसरीकडं खड्डा होतो.

किंमत ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरड हवी. तपासणीसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घ्या, एक पाय कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला, दुसरा इंजिनच्या लोखंडाला. डेल्कोतला काढून ठेवा. त्यावर गाडी सुरळीत चालली तर दोषी कोण ते ठरलं. काही लोक तो कायमचा कॉइलच्या क्लॅम्पवर ठेवतात, कारण तिथं डेल्कोइतकी उष्णता नाही. चालतं, फक्त पाय थरथरून तुटू नयेत म्हणून नीट आवळा.

आता तुमचे ०.७ व्होल्ट. अर्धा व्होल्टपर्यंत दुर्लक्ष करता आलं असतं. बॅटरीकडनं येणारी जाड तपकिरी वायर इग्निशन स्विचमध्ये, तिथनं पांढरी बाहेर. स्विचच्या ह्या दोन टोकांवर थेट पिना लावा. ०.२ च्या वर आलं तर स्विचचे आतले पत्रे जळालेत. कमी आलं तर बुलेट जोड बघा. ४.७ मिलिमीटरच्या पितळी गोळ्या काळ्या रबरी नळीत असतात, ती नळी कडक होऊन आतलं पितळ हिरवं पडतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की एका पावसाळ्यात जोड हिरवा होतो. बारीक पॉलिश पेपर मारा, नळी नवी घाला, किंचित ग्रीस. सोलून पीळ मारून वरून टेप गुंडाळायचा प्रकार करू नका. टेपच्या आत पाणी साठतं आणि तो जोड पुढच्या वर्षी शोधायला तुम्हीच बसता.

लक्षात असू द्या, पेट्रोलचा एसयू पंपही ह्याच पांढऱ्या वायरीवर आहे आणि त्याला फ्यूज नाही. चावी फिरवल्यावर मागून टकटक ऐकू येते आणि थोड्या वेळात थांबते. चावी चालू, टकटकही नाही आणि ठिणगीही नाही, तर पांढऱ्या वायरीचा पुरवठाच गेला. टकटक आहे पण ठिणगी नाही, तर कॉइलच्या पुढं शोधा. टकटक थांबतच नाही, तर पेट्रोल येत नाही किंवा कुठंतरी हवा ओढतोय.

वारणाकाठ

हेडलाइट पिवळे पडण्याचं राहिलंच.

ल्युकसचा सी४० डायनेमो आहे तो. पूर्ण फिरला तर २२ अँपिअर, आयडलिंगला जवळपास काहीच नाही. लाल दिवा मिणमिणणं हा दोष नाही, तो स्वभाव आहे. रेस दिल्यावर विझला पाहिजे, एवढंच. ५५ वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे नऊ अँपिअर, इग्निशनचे तीन-चार, वायपर, टेललाइट, आणि कुणी रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा लावला असेल तर आणखी आठ-दहा. २२ कधीच संपले. पंखा असेल तर बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहते.

मिसिंगशी संबंध नाही. पण एक परीक्षा करून टाका : मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या पोलला, पट्टीला नव्हे थेट पोलला, आणि दुसरी इंजिन ब्लॉकला. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थपट्टी कुजलीय. ती नसली की सेल्फचा सगळा करंट चोकच्या केबलमधनं परत जातो. केबल गरम लागली किंवा जाम झाली तर हेच कारण.

आणि बॅटरी उतरली म्हणून दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायची वेळ आली तर : अधिकला अधिक, उणेला उणे, पण दोन्ही गाड्यांच्या बॉडी एकमेकींना टेकता कामा नयेत. तुमची बॉडी अधिक, त्याची उणे. बंपरला बंपर लागला की पूर्ण शॉर्ट.

रंकाळा_६७

वायर बदलली, मीटरच्या पिनेचीच. नळी ओढली, सोडली, प्लेट स्क्रूड्रायव्हरनं हलवली, आकडा ०.११ वरून हलत नाही. स्विचवर ०.१५ निघालं, बाकीचं दोन बुलेट जोडांत होतं. साफ केल्यावर एकूण ०.३. कागलला जाऊन आलो, काटा सरळ.

आता पॉइंट नवे घालायचे आहेत. ॲम्बॅसिडरचे चालतील का?

डेल्को_काका

ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि तुमचं, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीजचीच भावंडं. म्हणून तर कोल्हापुरात ॲम्बॅसिडरवर हात बसलेला फिटर तुमचं बॉनेट उघडल्यावर परका वाटून घेत नाही. फायरिंग ऑर्डरही तीच, १-३-४-२, रोटर वरून बघताना घड्याळाच्या उलट. पण पॉइंट घेताना तुमचा जुना सेट खिशात घेऊन जा आणि शेजारी ठेवून जुळवा. पायाची उंची आणि खांबाचं भोक तंतोतंत हवं. अख्खा डेल्को मात्र उचलून लावू नका, आतली वजनं आणि स्प्रिंग वेगळे, ॲडव्हान्सचा हिशेबच वेगळा.

गॅप पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर. पॉइंटची टाच कॅमच्या शेंड्यावर आल्यावरच फिलर गेज घालायचा. टाचेला चिमूटभर ग्रीस लावा, कोरडी राहिली तर झिजून गॅप आपोआप कमी होतो. नव्या पॉइंटच्या तोंडावर साठवणीचा तेलकट थर असतो, तो स्पिरिटनं पुसा. हे न केल्यानं नवा सेट घातल्यावर गाडी न उठण्याचे प्रकार फार.

गॅप बदलला की टायमिंग बदललंच. गॅप वाढला तर टायमिंग पुढं सरकतं. म्हणून क्रम कायम : आधी गॅप, मग टायमिंग. तुमच्या १८जीबीला स्थिर टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आधी १० अंश. पाच वॉटचा बल्ब कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकापासून अर्थला लावा, चावी चालू, टॉप गिअरला गाडी हातानं पुढं ढकला. पुलीची खाच १० च्या टोकाशी आली की बल्ब पेटायला हवा, आधी नाही, नंतर नाही. मागं ढकलून मोजू नका, चेनची ढिलाई हिशेबात येते. स्ट्रोब (टायमिंग लाइट) असेल तर व्हॅक्यूम नळी काढून ६०० आरपीएमला १४ अंश.

प्लगचा गॅप २५ थाऊ. नव्या डब्यातलासुद्धा मोजून घ्या.

शिरोली_मीटर

ड्वेल (पॉइंट किती अंश बंद राहतात ते) मोजायचा मीटर असेल तर २५डी४ ला ६० अंश, तीन इकडंतिकडं. मुख्य म्हणजे नळी लावून आणि काढून, दोन्ही वेळा बघा. आणि आयडलिंगला आणि दोन हजारालाही.

रंकाळा_६७

नळी काढून ६०. नळी लावून, रेस धरून ५५. शाफ्ट बोटानं हलवला तर किंचित डगडग आहे.

डेल्को_काका

शाफ्टचा बुश गेला. तीन अंशांपर्यंत चालवून घेतलं असतं, पाच म्हणजे टायमिंग आपलं आपण नाचतंय. उद्यमनगरात लेथवर गनमेटलचा बुश करून मिळेल. शाफ्ट आणि बॉडी दोन्ही सोबत द्या, नुसतं माप सांगू नका. शाफ्टही झिजलेला असेल तर आधी तो गोल करून मग त्याच्या मापाचा बुश. बुशला तेलाची खाच मारायला सांगा, नाहीतर कोरडा चिकटतो.

देण्यापूर्वी एक काम घरीच करा. शाफ्टच्या खालच्या डॉगची पिन ठोकून काढायच्या आधी डॉग आणि शाफ्ट दोघांवर सेंटर पंचनं एकेक टिंब मारा. डॉगची जीभ मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते, म्हणून डेल्को इंजिनात एकाच तऱ्हेनं बसतो. पण डॉग शाफ्टवर उलटा बसवला तरी पिन खुशाल आत जाते. मग रोटर एक नंबरऐवजी चार नंबरकडं बघतो आणि गाडी कार्ब्युरेटरमधनं फटाके मारते.

रंकाळा_६७

टिंब मारलं. उद्या सकाळी नेतो.